स्पिरोबाबाची संथा

जुईनगरला मुलाकडे राहायला आल्यापासून संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसणं हाच माझा धंदा. चार म्हातारे जमले की नोकरीतले किस्से निघतात. बँकवाल्याचे बँकेतले, रेल्वेवाल्याचे रेल्वेतले. हे किस्से साठतात कसे, सांगू? घडतात तेव्हा आपण मान खाली घालून तिथून सटकायच्या घाईत असतो, त्यामुळे हसायचं राहून जातं. ते राहिलेलं हसणं म्हातारपणी वसूल करायचं. माझ्याकडे साठा दांडगा आहे, कारण माझी अर्धी नोकरी मान खाली घालण्यातच गेली!

परवा एकाने विचारलं, ‘‘जगन्नाथराव, भाषा किती येतात तुम्हाला?’’

मी म्हटलं, ‘‘मराठी, हिंदी, कामापुरतं इंग्रजी. आणि ग्रीक वाचता येतं. कळत नाही.’’

सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

विनोद कसला! पन्नास-साठच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा नवी मुंबई हे नावसुद्धा जन्माला आलं नव्हतं. इकडे सगळं भात, मीठ आणि मासळी. उरणजवळ मोरा बंदरावर आमच्या शेठचं ऑफिस होतं. बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना भाजी, मटण, अंडी, गोडं पाणी पुरवायचं, हा धंदा. ऑफिसात हेडक्लार्क दामूअण्णा, त्यांच्या हाताखाली मी, आणि लाँच चालवायला करंज्याचा पांडू तांडेल.

आणि चौथा स्पिरोबाबा. हा ग्रीक. कुठल्याशा जहाजावर इंजिन सांभाळायचा. आजारी पडला म्हणून जहाजाने त्याला मुंबईच्या इस्पितळात उतरवलं आणि जहाज गेलं ते गेलंच. बरा झाल्यावर शेठने त्याला लाँचची इंजिनं दुरुस्त करायला आणलं. बायको नाही, पोर नाही. पारूबाय कोळणीच्या घरामागे एक खोली होती, तिथे त्याने जे बिऱ्हाड केलं ते कायमचं. दिवसभर अंगाला ग्रीस, तोंडात शिव्या. पण माणूस लाख होता.

एकदा त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, काळीज थकलंय, केव्हा काय होईल सांगता येत नाही. त्याने आम्हा तिघांना खोलीत बोलावलं आणि उशाखालून एक काळं, छोटंसं प्रार्थनेचं पुस्तक काढलं.

‘‘हम मरेगा,’’ तो म्हणाला. ‘‘हमारा पादरी कलकत्ता में. वो आयेगा? नहीं आयेगा. ये किताब कौन पढेगा?’’

मी म्हटलं, ‘‘बाबा, उरणच्या चर्चमध्ये फादर आहे की.’’

‘‘वो लॅटिन बोलेगा! ऊपर भगवान पूछेगा, ये कौन आया? ये हमारा आदमी नहीं!’’ त्याचे डोळे भरून आले. ‘‘तुम तीनों पढेगा. ग्रीक में.’’

‘‘पण बाबा, आम्हाला मतलब कुठे समजणार?’’

‘‘मतलब भगवान समझेगा. तुम आवाज बराबर निकालो. एक अक्षर गलत नहीं!’’

आता मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? आम्ही हो म्हणून बसलो.

* * *

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटलं की गोदामात शाळा. स्पिरोबाबा दारावर खडूने अक्षरं काढायचा. पहिल्याच दिवशी त्याने सहा वेगवेगळ्या जागा दाखवल्या. कुठे एक अक्षर, कुठे दोन अक्षरं जोडलेली. मी विचारलं, ‘‘हे काय?’’

‘‘इ.’’

‘‘आणि हे?’’

‘‘इ.’’

‘‘आणि हे शेजारचं?’’

‘‘वो भी इ!’’

दामूअण्णा खांबाला टेकून बसले. म्हणाले, ‘‘जगन, आपल्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोनच इ. त्यांच्यापायी मी शाळेत छड्या खाल्ल्या. या लोकांची पोरं शाळेतून जिवंत घरी येतात कशी?’’

बरं, इंग्रजीसारखं दिसतंय म्हणून वाचायला जावं, तर तेही नाही. इंग्रजी ‘पी’ दिसतो तो ‘र’. ‘एच’ दिसतो तो पुन्हा इ! ‘बी’ दिसतो तो ‘व’. मी मॅट्रिक पास, पुढ्यातला शब्द ऐटीत वाचला. स्पिरोबाबाने कानाला हात लावला आणि म्हणाला, ‘‘तुम ने हमारा गाव का नाम को गाली बना दिया.’’

त्या दिवशी मी घरी गेलो तो बायकोशीसुद्धा धड बोललो नाही.

शेवटी तोडगा अण्णांनी काढला. त्यांचे वडील भिक्षुकी करायचे, त्यामुळे अण्णांची मुंज झाल्याबरोबर घरातच संथा सुरू झाली होती. संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. जसंच्या तसं. काना नाही, मात्रा नाही, स्वतःची अक्कल तर अजिबात नाही!

‘‘मला रुद्र असाच आला,’’ अण्णा म्हणाले. ‘‘अर्थ विचारला की वडील कान पिळायचे. आज पन्नाशीत एक अक्षर चुकत नाही. ग्रीकचंही तसंच करू. त्यांनी एकदा, आपण दोनदा. मधे प्रश्न विचारायचे नाहीत.’’

स्पिरोबाबाला ही पद्धत इतकी आवडली की त्याने अण्णांचा मुका घेतला. अण्णा सोवळ्यातले! घरी जाऊन त्यांनी अंघोळ केली.

* * *

उच्चारात सगळ्यात वाईट तो त्यांचा ‘थ’. आपला नव्हे. जीभ दातांत धरायची आणि फुंकायचं. पांडूला तो पटकन जमायचा. अण्णांची पंचाईत, कारण त्यांच्या गालात कायम तंबाखू.

एकदा आम्ही मटणाचं बिल घेऊन एका ग्रीक जहाजावर गेलो. कॅप्टन पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बटणं चकाकतायत. आम्ही ग्रीक शिकतोय हे कळल्यावर तो खूश झाला. म्हणाला, ‘‘एखादा शब्द म्हणून दाखवा की!’’

समुद्राला ते लोक थालासा म्हणतात. अण्णा पुढे सरसावले. जीभ दातांत धरली, छाती भरून घेतली आणि फुंकले.

तंबाखू विसरले होते!

कॅप्टनच्या सदऱ्यावर खांद्यापासून पोटापर्यंत तांबडे शिंतोडे. मी बिल तोंडापुढे धरलं. पांडू कठड्यावरून खाली बघायला लागला, जणू लाँच हरवलीय. कॅप्टनने रुमालाने हनुवटी पुसली, सदऱ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं.

‘‘प्रनन्सिएशन गुड,’’ तो म्हणाला. ‘‘शर्ट नो गुड.’’

* * *

त्या वेळी ग्रीक छपाईत शब्दांच्या डोक्यावर नाना खुणा असायच्या. काड्या, टोप्या, स्वल्पविरामासारखी शेपटं. बोलताना त्यातल्या निम्म्याअधिक खुणांचं काहीच करायचं नसतं. फक्त कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा तेवढं बघायचं. पण हे आम्हाला उशिरा समजलं.

अण्णांनी पहिल्यांदा छापील पान बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘‘अरे जगन, हे तर स्वर! वेदाच्या पोथीत असतात तसे. इथे आवाज चढवायचा, इथे उतरवायचा. हे लोक आपलेच निघाले की रे!’’

पुढच्या जहाजावर खलाशांच्या जेवणघरात टेबलावर एक ग्रीक वर्तमानपत्र पडलं होतं. अण्णांनी चपला काढल्या, मांडी ठोकली, पान समोर धरलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. खूण वर गेली की हात वर, खूण खाली आली की हात खाली. असा काही नाद घुमला म्हणता! खलाशी एकेक करून उभे राहिले. टोप्या काढल्या. दोघातिघांनी छातीवर क्रूस केला. आचारी हातातला झारा घेऊन दारातच थांबला. मला अण्णांचा इतका अभिमान वाटला!

मग पुढे उभ्या असलेल्या एकाने वाकून पानावर नजर टाकली. त्याने शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने पुढच्याच्या. आणि बघता बघता सगळे पोट धरून टेबलावर आडवे झाले!

संध्याकाळी आम्ही ते पान स्पिरोबाबाला दाखवलं. त्याने चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढला.

‘‘अण्णा,’’ तो म्हणाला, ‘‘तुम ने साबुन का आरती किया.’’

* * *

पांडू तांडेलची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्याकडे एक अक्षर आहे, उभ्या दांड्यावर तीन टोकं. उच्चार प्स. पांडूने ते दारावर बघितलं आणि थेट हात जोडले.

‘‘हा तं शंकराचा तिरसूल हाय!’’

दुसऱ्या दिवशी बघतो तर लाँचच्या पुढच्या बाजूला तेच अक्षर! शेंदरी रंगात, हातभर उंच. खाली हार, नारळ फोडलेला. अण्णा म्हणाले, ‘‘पांड्या, अक्षर आहे ते.’’ पांडू म्हणाला, ‘‘अक्षर तुमचं, तिरसूल माजा.’’

त्यानंतर आमची लाँच कुठल्याही ग्रीक जहाजाजवळ गेली की सगळे खलाशी कठड्यावर ओणवे होऊन ओरडायचे, ‘‘प्स प्स प्स प्स!’’ मांजराला बोलावतात तसं! भाजीच्या टोपल्या वर चढेपर्यंत त्यांचं चालूच. एकाने तर वरून माशाचं डोकं फेकलं. माझ्या मांडीवर पडलं.

शेठने रंग खरवडून काढायला सांगितला. पांडू हटला नाही. ‘‘देवाचं नाव मी पुसनार नाय. तुमाला लाज वाटत आसल तं तुमी डोळे मिटून बसा.’’

आम्ही डोळे मिटून बसायला लागलो.

* * *

माझी स्वतःची फजिती सांगायची तर शेठच्या बंगल्यावरचं जेवण. वर्षभरात आमचं वाचन सरळ झालं होतं. समोर येईल ते घडाघडा वाचायचो. अर्थ मात्र शून्य! भाजीपाल्याची, मटणाची दहापाच नावं सोडली तर काही म्हणता काही कळत नव्हतं. संथेचा नियम, विचारायचं नाही.

शेठने एका ग्रीक कंपनीच्या मोठ्या साहेबाला जेवायला बोलावलं. वर्षभराचं काम मिळायचं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, पापलेट, सगळा थाट. शेठने छाती फुगवून सांगितलं, ‘‘आमची माणसं ग्रीक फाडफाड वाचतात! जगन्नाथ, दाखव साहेबांना.’’

साहेबाने खिशातून वर्तमानपत्र काढून दिलं. मी उभा राहिलो आणि अख्खा रकाना वाचला. एकदाही अडखळलो नाही. साहेबाचे डोळे मोठे झाले. तो खुर्ची पुढे ओढून माझ्याशी ग्रीकमध्ये काहीतरी बोलला. बोलण्याच्या शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न असावा.

मी पुढचा रकाना वाचला.

तो थांबला. पुन्हा प्रश्न विचारला, या वेळी सावकाश, माझ्या दंडावर हात ठेवून. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शेठ भुवया उडवतायत, ‘बोल, बोल!’ मी पान उलटलं आणि खेळाच्या बातम्या सुरू केल्या.

साहेबाने हळूच हात काढून घेतला. नंतर शेठला इंग्रजीत म्हणाला, ‘‘रकान्यात आमच्याकडच्या भूकंपाची बातमी होती. इतक्या भावनेने वाचली की मला वाटलं, यांचं कुणी तिकडे आहे का विचारावं.’’

काम मिळालं. पण शेठच्या बायकोने वाढलेलं पापलेट माझ्या घशाखाली उतरलं नाही.

* * *

पुस्तक अर्धंअधिक पाठ झाल्यावर स्पिरोबाबा म्हणाला, ‘‘अब ट्रायल लेगा.’’

‘‘कसली ट्रायल?’’

‘‘इंजिन रिपेर किया तो ट्रायल लेता है ना? हम लेटेगा. तुम पढो. कुछ भी हो जाय, बीच में रुकने का नहीं!’’

पारूबाय बाजारात गेली होती. तिच्या अंगणात चटई टाकली. स्पिरोबाबा धुतलेला सदरा घालून उताणा झोपला, छातीवर हात जोडले, डोळे मिटले. उशाशी मेणबत्ती. आम्ही तिघे डोक्यावर टोप्या न घालता ओळीने उभे राहिलो आणि सुरू केलं.

अशात पारूबाय रिकामी पाटी घेऊन परत आली.

तिने अंगणात बघितलं. पाटी हातातून गळली. ‘‘आगं माजे आये! बाबा गेला गं!’’ करून तिने जी किंकाळी फोडली, ती अख्ख्या कोळीवाड्याने ऐकली. बायका धावत आल्या. पारूबाय चटईशी बसून छाती पिटायला लागली. ‘‘माज्या हातची आंबट कढी कोन खाईल रं आता!’’ बाप्ये आले, त्यांनी दोन मिनिटं आमची प्रार्थना ऐकली आणि त्यातले दोघे कोयते घेऊन बांबू तोडायला गेले. कुणीतरी मडकंसुद्धा आणलं!

आणि आम्ही? आम्ही वाचतोय! गुरूची आज्ञा, मधे थांबायचं नाही. मी अण्णांकडे बघतोय, अण्णा पुस्तकाकडे बघतायत, पांडूच्या कपाळावरून घाम वाहतोय. त्या गडबडीत एका शब्दावरचा जोर माझ्या हातून चुकला.

मयताचा उजवा हात वर झाला.

‘‘गलत!’’

कोळीवाडा असा फुटला म्हणून सांगू! एक म्हातारी खाजणाच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतली, तिला दोघांनी ओढून काढलं. मडकंवाल्याने मडकं टाकलं. जागची हलली नाही ती एकटी पारूबाय. ती हळूहळू उठली, पदर खोचला.

‘‘मेल्यांनो! जित्या मानसावर मंतर म्हनता? लाज हाय का नाय?’’ मग स्पिरोबाबाकडे वळली. ‘‘आनि तू रं? मी रडले तुज्यासाठी! चार गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवलीस. फुकटची रडले!’’

त्यानंतर बाजारातून जाताना कोळणी आम्हाला बघून तोंडाला पदर लावायच्या. मी आठवडाभर वळसा घालून ऑफिसला जात होतो. स्पिरोबाबाला मात्र लाज ना शरम. तो येताजाता मला विचारायचा, ‘‘जगन, वो रोया? सच में रोया?’’

* * *

दोन वर्षांनी माघात तो अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. त्या वर्षी खाडीवरून बोचरा वारा सुटला होता. पारूबायने जिवापाड केलं. पण भाचीच्या लग्नाला करंज्याला जाणं तिला भाग पडलं, तेव्हा ती आम्हाला बजावून गेली, ‘‘माज्या बाबाकडं बघा. त्याच्या उशाचे हलू नका.’’

आम्ही तिघेही दुपारपासून बसून होतो. ताप चढला होता. गंमत अशी की तापात त्याचं हिंदी पार गेलं, इंग्रजी गेलं. राहिलं फक्त ग्रीक. तो ग्रीकमध्येच पुटपुटायला लागला तसे अण्णा सावरून बसले.

‘‘संथा देतायत,’’ ते कुजबुजले. ‘‘शेवटची संथा आहे. एक अक्षर सांडू देऊ नका.’’

प्रार्थनेच्या ओळी होत्या, आम्हाला पाठ असलेल्या. तो एकदा म्हणायचा, आम्ही दोनदा. तो थांबून दम घ्यायचा, आम्ही थांबायचो. मग एक नवीन ओळ आली. ‘‘क्रिओनुन ता पोध्या मू. स्केपास्ते ता.’’

आम्ही दोनदा म्हटली.

मी पुस्तकात शोधली, सापडेना. म्हटलं, ‘‘अण्णा, ही ओळ यात दिसत नाही.’’

‘‘गुरूच्या मुखातून आलेलं पुस्तकापेक्षा मोठं,’’ अण्णा म्हणाले. ‘‘म्हण.’’

स्पिरोबाबाने तीच ओळ पुन्हा म्हटली. आम्ही दोनदा. त्याने मान उचलून पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने. अण्णांना वाटलं, आमचा जोर चुकतोय. आम्हीही आवाज चढवला. असं किती तरी वेळ चाललं. शेवटी तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्याकडे, अण्णांकडे, पांडूकडे. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं.

अण्णांनी डोळे पुसले. ‘‘समाधान झालं त्यांचं,’’ म्हणाले. ‘‘आपली तयारी झाली.’’

पहाटे तो गेला.

उरणच्या चर्चच्या फादरने दफनभूमीच्या कडेला जागा दिली. फार सज्जन माणूस. म्हणाला, ‘‘प्रार्थना त्यांच्या भाषेत तुम्ही वाचा, मी बाजूला उभा राहतो.’’ बंदरात एक ग्रीक जहाज नांगरलेलं होतं. पांडू लाँच घेऊन सांगायला गेला आणि कॅप्टन, बरोबर चारपाच खलाशी, अंगावर धुतलेले कपडे घालून आले.

कॅप्टनने पुस्तक बघितल्यावर सहज हात पुढे केला. त्याची मातृभाषा, त्याची प्रार्थना, त्याने वाचावी हे कुणालाही पटेल. पण अण्णांनी पुस्तक छातीशी धरलं.

‘‘नो सर. अवर गुरू. वुई रीड.’’

कॅप्टन मागे सरला.

आणि आम्ही वाचलं! पुस्तक नावाला हातात, जिभा आपोआप चालत होत्या. काय सांगू, सगळ्या इ जागच्या जागी, थ दातांत, जोर जिथल्या तिथे. अण्णांनी त्या दिवशी तंबाखूला हात लावला नव्हता. खलाशांच्या माना खाली. निरोप मिळताच करंज्याहून आलेली पारूबाय तोंडात पदर कोंबून उभी. माझ्या मनात आलं, बाबा, ऐक, एक अक्षर चुकलेलं नाही. वर कुणी अडवणार नाही तुला.

शेवटी ती गुरुमुखातली ओळ आली. आम्ही छाती भरून म्हटली.

कॅप्टनने मान वर केली. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा खलाशी आमच्याकडे बघायला लागला. आम्ही दुसऱ्यांदा म्हटली. तसा तो म्हातारा पुढे आला, अंगातला जाड कोट काढला, गुडघे टेकून खड्ड्यात वाकला आणि शवपेटीवर पायांच्या बाजूला तो कोट नीट पसरला.

त्यांच्यात रीत असेल! अण्णांनी लगेच खांद्यावरचं उपरणं काढून त्यावर घातलं. मी स्वेटर काढला. पांडूने गळ्यातला मफलर टाकला. मग माती लोटली.

जहाजावर परत पोचवायला लाँच निघाली. वारा झोंबत होता. तो म्हातारा नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत बसला होता. कॅप्टनने तिघांचेही हात हातात घेतले. म्हणाला, असं स्वच्छ वाचन माझ्या गावच्या पाद्रीचंही नाही. अण्णांचा चेहरा फुलला. मीही धीर करून विचारलं, ‘‘साहेब, तो पायांवर कोट घालायचा, ती तुमच्याकडची रीत का?’’

‘‘रीत कसली? तुम्हीच तर सांगत होतात.’’

‘‘आम्ही?’’

‘‘शेवटी. ते पुस्तकातलं नाही. ‘माझे पाय गार पडलेत, पायांवर काहीतरी घाला.’ मला वाटलं, तुमच्या गुरूने स्वतःची भर घातली.’’ त्याने आमच्याकडे बघितलं. ‘‘हे कधी शिकवलं त्याने?’’

‘‘शेवटच्या संध्याकाळी,’’ मी म्हटलं.

पांडूने इंजिन बंद केलं. लाँच पाण्यावर नुसती हलत राहिली.

‘‘मग?’’ कॅप्टनने विचारलं. ‘‘घातलंत ना?’’

दामूअण्णा मराठीतच म्हणाले, ‘‘आम्ही दोनदा म्हटलं.’’